न खेळलेले खेळ आणि शाकारलेली होडी

पावसाळ्याआधी आमच्या वाडीतले लोक होड्या वर काढायला लागले की माझ्या फोनवर सेलचा निरोप येतो. दोहोंचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण दरसाल हे असंच जमून येतं. आजही आलं. किनाऱ्यावर सुदामा आणि वाडीतले पाचसहा जण होडीला खांदा लावून ओरडत होते, मी दोरीला हात लावून उभा होतो (लावून म्हणजे नुसता लावून, ओढणारे वेगळे असतात), आणि खिशात फोन थरथरला. परदेशातलं कुठलंसं दुकान मला कळवत होतं की राज्यं, सैन्यं, किल्ले, गलबतं, सगळं निम्म्याहून कमी दरात मिळेल, त्वरा करा.

"कोनाचो फोन?" सुदामानं होडीच्या पलीकडून विचारलं. मिसरूड फुटल्यापासून हा माणूस माझ्या वडिलांबरोबर दर्यात जात आला, त्यामुळे मला काहीही विचारायचा त्याला हक्क आहे.

"फोन नाय रे. खेळांचा दुकान."

"घे, घे. पयले सगळे खेळान झाले मा?"

ओढणारे हसले, होडी पुन्हा दोन हात खाली घसरली, आणि मग सगळ्यांनी मिळून मलाच शिव्या घातल्या. वाडीत माझी कीर्ती ही अशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्ट्रॅटेजी गेम म्हणजे डोक्यानं खेळायचे खेळ. बंदूक घेऊन धावायचं नाही. वरून नकाशा बघायचा, शेतं लावायची, लाकूड तोडायचं, घरं बांधायची, सैन्य उभं करायचं आणि शेजारच्या राज्यावर कधी चालून जायचं याचा विचार करत बसायचं. विचार करत बसणं हा माझा हातखंडा, म्हणून हे खेळ मला फार आवडतात. म्हणजे विकत घ्यायला आवडतात. पर्यटकांसाठी घराच्या परड्यात दोन खोल्या बांधल्या, त्यातल्या एकीत संगणक ठेवला, आणि मी एकामागून एक साम्राज्यं जमवत गेलो. स्वस्त आहे, घेऊन ठेवू, निवांतपणी खेळू. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडाच्या, आधी आपण सुकी मासळी, मिरच्या, कोकम भरून ठेवतो ना, तशीच ही बेगमी. फरक इतकाच की मासळी पावसाळ्यात संपते. सरकारी भाषेत अशा राहून गेलेल्या गोष्टींना अनुशेष म्हणतात. कोकणाला हा शब्द चांगला ठाऊक आहे.

तो अनुशेष भरून काढायचं मी एकदाच मनावर घेतलं, दोन-तीन पावसाळ्यांमागं. होड्या वर चढल्या की मला तोच पावसाळा आठवतो. दुसरे कुठे गेले कोण जाणे.

बंदीच्या दिवसांत आमच्याकडे वेळाचं काय करावं हा खरा प्रश्न असतो. मासेमारी बंद, दर्या खवळलेला, पर्यटक आपापल्या गावी. होड्या ओंडक्यांवर चढवून माडाच्या झापांनी शाकारलेल्या, वरून ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. माणसं ओट्यांवर बसून जाळी सांधतात आणि गजाली करतात. घरात सगळीकडे ओल. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, संगणकाच्या कळांवर बुरशी धरते आणि माउस हाताला चिकटतो. जेवणात कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, फणसाच्या आठळ्या. चार दिवस मजा वाटते. मग कुणीतरी उगाच जाऊन दर्याकडे बघून येतं आणि पुन्हा जाळं हातात घेतं.

त्या साली घरात आणखी एक गोष्ट शाकारून ठेवलेली होती. होड्या वर काढायच्या थोड्या आधी बाबा दर्यात असताना चक्कर येऊन पडले. जाळं हातातच, आणि माणूस आडवा. सुदामानं जाळं कापून सोडलं, होडी वळवली आणि त्यांना घेऊन आला. मालवणात दाखवलं, तिथून फोंडाघाट चढून कोल्हापूर. काळजाच्या नळीत काहीतरी घालून डॉक्टरांनी परत पाठवलं आणि बजावून सांगितलं, आजोबा, आता समुद्र बंद. बाबांनी मान डोलावली. घाट उतरताना मला म्हणाले, "तो डाक्टर कोल्हापूरचो मरे. तेका दर्या काय ठावक?"

तेव्हापासून मी दिवस मोजत होतो. जून-जुलै काय, सरकारनंच सगळ्यांना घरी बसवलेलं. पण नारळी पौर्णिमेला नारळ पडला की होडी पाण्यात जाणार, आणि होडी पाण्यात गेली की हा माणूस तीत असणार, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. भांडून उपयोग नव्हता. बाबा भांडत नाहीत. हो म्हणतात आणि हवं तेच करतात.

अशात एक रिसॉर्टवाले गृहस्थ आले. चांगले होते बिचारे, रेनकोट बाहेर काढून ठेवून, पाय पुसून आत आले. त्यांना लाकडाची जुनी होडी हवी होती. आता नवीन होड्या फायबरच्या, लाकडाच्या उरल्यात किती? रिसॉर्टच्या हिरवळीवर ठेवायची, आत टेबलं-खुर्च्या, वर दिवे. "काका, होडी कुजून जाण्यापेक्षा लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. रोज माणसं तिच्यात बसतील, जेवतील, फोटो काढतील."

बाबांनी ताडपत्रीकडे बघून विचारलं, "थंय पानी खंय आसा?"

"स्विमिंग पूल आहे ना शेजारीच," ते गृहस्थ मनापासून म्हणाले.

खरं सांगतो, मला ती कल्पना आवडली होती. होडी डोळ्याआड झाली असती, आणि बाबा वाचले असते. मी स्वतः पर्यटकांवर जगतो, मला टेबल-खुर्च्यांचा विटाळ नाही. माझी बायको वैशाली मात्र भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "होडयेत टेबल घालतले. उद्या बाबांकय न्हेवन बसवतले थंय, टोपी घालून. फोटो काढूक."

बाबांनी पौर्णिमेच्या आत कळवतो म्हणून सांगितलं, गृहस्थ गेले, आणि मी परड्यातल्या खोलीत जाऊन संगणक लावला. तिथून माझ्या अनुशेषाला सुरुवात झाली.

मी कसा खेळतो तेही सांगायला हवं. या खेळांत सेव्ह नावाची सोय असते. आत्ता आहे ते जसंच्या तसं राखून ठेवायचं, मग पाऊल टाकायचं, आणि फसलं तर राखलेलं पुन्हा उघडायचं. मेलेले सैनिक उभे, पडलेला किल्ला शाबूत. मी प्रत्येक पावलाआधी सेव्ह करतो. पूल बांधू का? सेव्ह. बांधला. नको, उगाच बांधला, मागं. त्यामुळे मी कधी हरत नाही आणि माझा एकही खेळ संपत नाही. अनुशेष भरायला बसलो आणि न उघडलेले खेळ अर्धवट खेळ झाले, इतकीच प्रगती.

बाबा पहिल्यांदा आले ते छत्री मिटवत, चिडून. "दिसभर हय बसान काय करतंस रे?"

"खेळतंय."

ते पाठीमागं उभे राहिले. पडद्यावर दरी, दरीच्या या तोंडाला माझं सैन्य. "ह्यातले आपले खंयचे?"

"निळे. तांबडे ते शेजारचे."

"मगे बसलंस कित्याक? सोड मा तेंका!"

"थांबा बाबा, अजून तयारी झाली नाय."

"तुझी तयारी होयसर तांबडे म्हातारे होतले," म्हणत त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला, दोन्ही हातांनी धरला, आणि मी दाखवलं तशी कळ दाबून सगळं सैन्य एकदम दरीत सोडलं. घोडेस्वार, धनुर्धारी, अन्न वाहणारे, एक वैद्यसुद्धा. तांबड्यांनी त्यांना कापून काढलं. बाबा इतके हसले की वैशाली भिऊन धावत आली.

"थांबा, मिया सेव्ह करून ठेवलेला आसा," मी म्हणालो. "मगाशी होता तसा परत होता. मेलेले जिते होतत."

"नको," बाबा डोळे पुसत म्हणाले. "गेले ते गेले. तेंका परत परत कित्याक मारूचा?"

मग ते रोज दुपारी येऊ लागले. पेज जेवून, अंगावर घोंगडी घेऊन, पर्यटकांच्या खुर्चीत. दर्यावर या माणसाइतका सावध माणूस वाडीत नव्हता. आभाळ नुसतं तोंड वाकडं करायचं आणि बाबा होडी माघारी आणायचे. इथे मात्र बेबंद. राज्यामागून राज्य धुळीला मिळवत होते. माझ्या एका सेलमधल्या राणीचं सिंहासन त्यांनी एका दुपारीत घालवलं आणि विचारलं, "दुसरा काय आसा?" दोघांनी मिळून आम्ही तो अनुशेष सपाटून खाली आणला. लाइट जायची, यूपीएस कोकलायचा, आम्ही दोघं अंधारलेल्या पडद्यासमोर तसेच बसून राहायचो. त्या वेळात मी होडीचा विषय काढावा असं रोज ठरवायचो आणि लाइट यायची.

असं करत करत एक बेटाचा खेळ लागला. तो मी घेतल्यापासून उघडलेलाही नव्हता. एक छोटं बेट, त्यावर थोडी माणसं, झाडं, धक्का. यात शत्रू नाही, फक्त माणसं जगवायची. बाबांनी झाडं तोडून पहिल्या झटक्यात होडी बांधली. घरंबिरं नंतर. होडी धक्क्याला लागली आणि तिथेच राहिली.

खाली सूचना आली, अन्न कमी आहे, होडी मासेमारीला पाठवा. बाबांनी नाही पाठवली.

"सोडा मा बाबा. मानसा उपाशी आसत."

"पावस आसा थंय. दिसत नाय तुका?"

खरंच पडद्यावर पाऊस पडत होता. पण त्या खेळात ऋतू भराभर बदलतात. पाऊस गेला, ऊन पडलं, झाडांना पिवळी फुलं आली. होडी जागच्या जागी.

"पावस गेलो, बाबा."

"ऱ्हवांदे. नारळ खंय पडलो हा अजून?"

मी कपाळावर हात मारला. "खेळात नारळ नसता!"

"मगे ह्येंची पौर्णिमा कदी?"

ज्या कुणी परदेशात बसून तो खेळ तयार केला, त्यानं वादळं घातली, रोगराई घातली, पण दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी हलवत नाहीत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बेटावरची माणसं रोडावली. काही बेट सोडून निघून गेली. सूचना तांबडी होऊन लुकलुकू लागली. बाबांनी तिच्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "सुके खावा म्हणान सांग तेंका." आणि सैन्यंच्या सैन्यं हसत घालवणारा हा माणूस त्या एका होडीपाशी आला की माउसवरून हात काढून घ्यायचा. शेवटी मी खेळ तिथेच थांबवून ठेवला. बेट तसंच, उपाशी, आणि धक्क्याला होडी.

तेव्हा मला राग आला होता. खेळाचा नाही. पौर्णिमा जवळ येत होती, ते गृहस्थ फोन करत होते, आणि बाबा त्या सूचनेसमोर नुसते बसून होते. मी ओट्यावर सगळ्यांदेखत बोललो, "बाबा, काय ता एकदा सांगा. देतास काय नाय ती होडी?"

"देवाक विचारतंय," बाबा म्हणाले. "देव सांगात तसा."

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निकाल देवळात लागतो. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणतात. माझा यावर विश्वास आहे का? पर्यटक विचारतात तेव्हा मी हसतो. त्या दिवशी मात्र आंघोळ करून, ओल्या पायांनी, सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलो होतो. देवानं हो म्हणावं म्हणून मनातल्या मनात नवससुद्धा बोललो.

"बा देवा म्हाराजा!" गुरवानं सूर लावला.

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाशी इला हा. तेच्या होडयेचो प्रश्न आसा. होडी त्या पावन्याक देवची आसात तर उजवी दी, नायतर डावी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. डावी पाकळी सुटली आणि खाली आली. माझा चेहरा पडला. बाबांचा काही बदलला नाही.

"मगे घराकडे ठेवची काय, विचारा," मी म्हणालो. झापाखाली राहिली तरी चालेल, पाण्यात नको, हा माझा हिशेब. गुरवानं नव्या पाकळ्या लावल्या, नवं गाऱ्हाणं घातलं. पुन्हा डावी. द्यायचीही नाही आणि ठेवायचीही नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. गुरव म्हणाला, "देव चुकाचो नाय. सवाल चुकता हा. सवाल नीट घाला."

सुदामा खांबाशी बसला होता. तो खाली मान घालूनच म्हणाला, "होडी दर्यात जावची काय, ता विचारा."

नको म्हणावं तर देवळात म्हणणार कसं? गुरवानं विचारलं. त्याचा हात पाषाणावरून निघतो न निघतो तोच उजवी पाकळी पडली. पाकळी जास्त ओली होती, आणि दारातून वारा आला होता, हे दोन्ही मी पाहिलं. पाहून उपयोग काय? तिथे मागं जायची सोय नव्हती.

"आता होडी कोन न्हेतलो, ताय विचारूया?" गुरवानं बाबांना विचारलं.

मी बाबांकडे बघत होतो. एक शब्द, "विचारा" म्हणाले असते आणि पाकळी उजवी पडली असती, तर त्यांना अडवणारा कोणी जन्माला आला नव्हता. बाबांनी देवाला हात जोडले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"ता कित्याक विचारूचा?" ते म्हणाले. "ता माका कळता."

देवळाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी छत्री उघडली आणि मागं न बघता हाक मारली, "सुदाम्या, उद्या ये. तळाक डांबर लावक व्हया. आता तुकाच बघूचा लागतला."

सुदामानं "व्हय" म्हटलं. एवढ्यात झालं सगळं. मी दर पावलाआधी सेव्ह करणारा माणूस, माझ्या डोळ्यांत तिथे पाणी आलं, आणि पाऊस असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

त्या रिसॉर्टवाल्यांना दुसरीकडे कुठेतरी होडी मिळाली. नंतर एकदा मी तिथे गेलो होतो. छान ठेवलीय. तिच्यात बसून मी थंड सोलकढीसुद्धा प्यालो.

पौर्णिमेला वाडीत नेहमीसारखी गडबड. वैशालीनं नारळ लढवण्यात तिघींचे नारळ फोडले आणि फुटलेले सगळे घरी आणले. बाबांनी नवा सदरा घातला होता. दर्याला नारळ दिला, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, गंध लावलं, आणि सुदामा, त्याचा भाऊ आणि इतरांनी मिळून ती पाण्याकडे ढकलली. बाबांनी ढकलली नाही. नुसता तळवा फळीवर ठेवून ते बरोबर चालत गेले. पाणी पोटऱ्यांना लागलं तसे थांबले, आणि होडी त्यांच्या तळव्याखालून पुढे सरकत गेली, पार मागच्या टोकापर्यंत. मग हात मोकळा राहिला. सुदामानं एकदा वळून बघितलं. बाबा तोवर घराकडे निघाले होते.

मी मागोमाग गेलो तर ते परड्यातल्या खोलीत बसलेले. पायांना वाळू, लेंगा ओला.

"सत्या, चालू कर ता."

"खंयचा?"

"ताच. बेटाचा."

मी लावलं. बेट तसंच होतं, लुकलुकणारी तांबडी सूचना, थोडी उरलेली माणसं, धक्क्याला होडी. ऊन पडलेलं. मी सवयीनं आधी सेव्ह करायला गेलो, तर बाबांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हवांदे ता." मग माउस दोन्ही हातांनी धरून त्यांनी होडीवर कळ दाबली, आणि नंतर दूर पाण्यावर.

होडी सुटली. त्या खेळात आपण जिथवर गेलेलो नसतो तिथवर नकाशा काळा असतो. होडी उजेडातून चालत गेली, काळ्या कडेशी पोचली, आणि आत शिरली. बाबा खुर्चीत पुढे सरकून बघत होते. बाहेर बंदरावर ढोल वाजत होते.

"खंय गेली?"

"थंयच आसा. आता दिसाची नाय थोडो वेळ."

"येतली मा रे परत?"

"येतली," मी म्हणालो.

मला काय माहीत? त्या खेळात त्याच्या पुढे मी कधी गेलोच नव्हतो.